उभी राहिली की थरथरणारी गाडी

आमची पिकअप पळताना चांगली पळायची. तिची खोड उभी राहण्यात होती. फाटकाला, चौकात, कुणाच्या दारात, कुठेही गिअर काढून इंजिन चालू ठेवलं की ती हिवताप भरल्यासारखी थरथरायला लागायची. आरसे हलायचे, दार खुळखुळायचं, मागे बादल्यांतलं पाणी हिंदकळायचं. मग इंजिन दोन आचके द्यायचं आणि गप्प. रस्ता मोकळा असेल तर याचं काही वाटत नाही. पण आम्हाला शनिवारी लोणावळ्यात फुलं पोचवायची असतात आणि शनिवारी लोणावळ्यात कुणाचीच गाडी पळत नाही. सगळ्या उभ्याच असतात. पुण्या-मुंबईची माणसं धुकं बघायला येतात, एकमेकांच्या गाड्यांचा धूर हुंगतात, चिक्कीची पुडकी घेतात आणि परत जातात. याला ती हवापालट म्हणतात.

गाडी माझ्या मुलाची. परंदवडीच्या आजूबाजूच्या पॉलिहाऊसमधून जरबेरा, कार्नेशन, गुलाब भरायचे आणि लोणावळ्याला रिसॉर्टमधल्या लग्नांची सजावट करणाऱ्या माणसाला नेऊन द्यायचे, हा त्याचा धंदा. आधी तो एका कंपनीत कंत्राटावर होता. दर काही महिन्यांनी काढायचे आणि परत घ्यायचे, म्हणजे कायम करायला नको. ते सोडून त्याने ही जुनी गाडी घेतली. मी बरोबर जाते. जरबेऱ्याचं फूल मोठं आणि मान लांब. जरा हिसका बसला की मान मोडते. बादल्या घट्ट लावणं आणि उतरवताना मांडववाले फुलं सरपणासारखी उचलत नाहीत ना ते बघणं, एवढं माझं काम.

ही गाडी जुनी, पण मोडीत काढण्याइतकी नाही. इंजिनात डिझेल किती सोडायचं ते आत बसवलेला कॉम्प्युटर ठरवतो, त्या पद्धतीच्या पहिल्या गाड्यांपैकी. याहून जुनी असती तर गावात कुणीही पाना घेऊन दुरुस्त केली असती. नवी असती तर कंपनीने गॅरंटीत बघितली असती. मधल्या वयाच्या गाडीकडे बघायला कुणी मोकळं नसतं, आणि मत द्यायला सगळे मोकळे असतात.

लागोपाठ दोन शनिवार गाडी लोणावळ्याच्या गर्दीत बंद पडली. मागून हॉर्न, पुढून शिव्या. मुलगा बॉनेट उघडून फिल्टरवरचा, डिझेल वर ओढायचा छोटा हातपंप दाबतोय, मी उतरून मागच्या मोटारींना बाजूने जायला हात करतेय. दुसऱ्या वेळी आम्ही पोचलो तेव्हा नवरदेव घोड्यावर बसलेला होता आणि स्टेजच्या मागची भिंत नुसती हिरवी जाळी होती. सजावटवाला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “मावशी, लग्नाचा मुहूर्त काही तुमच्या गाडीला विचारून काढत नाहीत. पुढच्या शनिवारी उशीर झाला तर मी वराळ्याचा टेम्पो लावणार. मग हे काम त्याचंच.”

 हे काम गेलं तर मुलाला परत कंपनीच्या गेटवर, कंत्राटदाराच्या मागे उभं राहावं लागणार हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

खरं तर शहाण्या माणसांचे उपाय दिवाळीनंतर थरथर सुरू झाली तेव्हापासूनच चालू होते.

पहिला शहाणा घरातलाच. माझा धाकटा दीर. जमीन वाट्याने लावलेली, दिवसभर हातात मोबाईल. जगात जे काही बिघडतं ते नजर लागून बिघडतं असं त्याचं म्हणणं. फुलांचं काम मिळालं तेव्हाच त्याने गाडीच्या तोंडाला काळी बाहुली बांधली होती, लिंबू-मिरची लावली होती आणि खंडेनवमीला पूजा झाल्यावर मागे चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, खाली एक जुनी चप्पल टांगली होती. चप्पल माझी होती. गोठ्यात घालायची म्हणून ठेवलेली, ती मी आठवडाभर शोधत होते. मी विचारलं तर म्हणाला, “वहिनी, तुमच्या चपलेला बघून कुणाची नजर लावायची हिंमत न्हाई.” घरातले सगळे हसले. सूनही हसली, तोंडाला पदर लावून. मी दुसरी चप्पल घेतली आणि विषय सोडला.

गाडी थरथरायला लागल्यावर दीर म्हणाला की बंदोबस्त कमी पडला. कुणाची तरी नजर जास्तच जड दिसते. मी म्हटलं, गाडीचा रंग उडालाय, मागचा पत्रा चेपलाय, कुणाला हिचं काय बघून जळायचंय. त्यावर तो म्हणाला की अशा बायांमुळेच उपाय लागू पडत नाहीत.

दुसरा शहाणा तळेगावच्या मोठ्या वर्कशॉपमधला. काचेचं ऑफिस, गळ्यात ओळखपत्र. त्याने स्टिअरिंगच्या खाली एक वायर खुपसली आणि लॅपटॉप सीटवर ठेवला. गाडी चालू केली तर गाडी थरथरली, सीट थरथरली आणि सीटवरचा लॅपटॉपही थरथरला. त्या हलणाऱ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून तो म्हणाला, “बघा, एकही फॉल्ट नाही.” मुलगा म्हणाला, साहेब, हलतेय की. तो म्हणाला की सिस्टिममध्ये येत नाही. सिस्टिममध्ये येत नाही म्हणजे ते नाहीच, इतका त्याचा विश्वास. माझ्या दिराचा बाहुलीवरही इतका नव्हता. निघताना त्याने सल्ला दिला की गाडीचं वय झालंय, नवीनचा विचार करा. वय झालंय हे मला कुणी सांगायला नको. पण वय झालं म्हणून उभ्या उभ्या मी काही पडत नाही.

तिसरा सोमाटणे फाट्याचा फिटर. हाताने चांगला, तोंडाने वाईट. ऐकून घेणं त्याला माहीतच नाही. मुलगा सांगायला लागला की सकाळी गाडी पटकन चालू होत नाही, आधी हातपंप दाबावा लागतो, तर फिटर मध्येच म्हणाला, जुन्या गाड्यांना तेवढं करावंच लागतं, ते सोड. ते सोडलं. त्याने आधी इंजिनाखालचे रबर बदलले. थरथर तशीच. मग डिझेलचा फिल्टर बदलला. तशीच. मग म्हणाला नोझल. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. चारही काढून साफ करून आणले. त्या दिवशी गाडी उभी केली तर काय, गाय रवंथ करते तशी शांत. फिटरने शेजारच्या दुकानदारालाही बोलावून दाखवली. दोन दिवसांनी परत हिवताप.

मग दिराला जोर आला. अमावस्येला त्याने गाडीवरून उतारा काढला, नारळ फोडला, लिंबू चाकाखाली चिरडलं आणि मला लांब उभं राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडी शांत. दीर गावभर सांगत फिरला. फिटरकडेही गेला आणि त्याला म्हणाला की तुझ्या नोझलपेक्षा माझं लिंबू भारी. दोघांत चांगलीच जुंपली. तोवर तिसरा दिवस उजाडला आणि गाडी परत कापायला लागली. तेव्हा फिटर म्हणाला की लिंबाचा असर उतरला, आणि दीर म्हणाला की नोझल साफ करायचा नव्हता, बदलायचा होता. म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचं शास्त्र पटायला लागलं होतं.

सजावटवाल्याने दम दिला तो यानंतर. आता फिटर चारही नोझल नवीन घालू म्हणत होता. मी मुलाला म्हटलं, थांब. दोन वेळा गाडी बरी झाली, त्या दोन्ही दिवशी काय केलं होतं ते सांग. तो म्हणाला, एकदा नोझल साफ केले, एकदा उतारा. मी म्हटलं, ते गावाला माहितीय, तू काय केलंस ते सांग. त्याने डोकं खाजवलं. फिटरकडून निघाल्यावर शेजारच्याच पंपावर टाकी भरली होती. उताऱ्याच्या दिवशी काकाने शकुन म्हणून टाकी फुल करायला लावली होती. एरवी तो पाव टाकीवरच फिरतो. म्हणजे टाकी भरली की गाडी शहाणी आणि तळाला गेली की वेडी.

यावरून मी ठरवलं की टाकीच्या तळाला गाळ आहे. डिझेल कमी झालं की इंजिन गाळ ओढतं. मला ते इतकं पटलं की मी फिटरचं काही ऐकूनच घेतलं नाही. तो म्हणत होता, “मावशी, गाळ असता तर फिल्टरमदी दिसला असता. मी सोता काढलाय त्यो.” मी म्हटलं, तू स्वतः काय काय काढलंयस ते आम्ही बघतोच आहोत. टाकी उतरव.

गुरुवारी त्याने टाकी उतरवली. दीरही आला होता बघायला, म्हणजे मोबाईलमध्ये बघता बघता मध्ये मान वर करायला. टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढलं, टाकी उलटी केली, आत बॅटरी मारली. आत काही नाही. ना गाळ, ना गंज, ना पाणी. फिटरला इतका आनंद मी आधी कधी झालेला बघितला नव्हता. म्हणाला, “मावशी, चुलीवर ठिवा आन् इंद्रायणीचा भात शिजवा ह्यात. निस्ती लख्ख हाय.” दीरही हसला. मी म्हटलं, हसा. शनिवार परवावर आलाय, तो काही हसत नाही.

तेवढ्यात फिटरच्या शेडमध्ये दुसरी गाडी आली आणि आमची बाहेर काढायची वेळ आली. टाकी तर खाली काढलेली. ढकलायला कुणी तयार नाही. दीर म्हणाला त्याची कंबर धरलीय. मग फिटरने डिझेलचा कॅन बॉनेटपाशी ठेवला, फिल्टरला एक नळी लावून तिचं टोक कॅनमध्ये सोडलं आणि परतीच्या डिझेलचीही नळी त्यातच टाकली. दवाखान्यात सलाईन लावतात तसं. मुलाने गाडी चालू केली, बाहेर काढली आणि झाडाखाली उभी केली. फिटर आणि दीर उताऱ्यावरून परत भांडायला लागले होते.

मुलगा काही उतरेना. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून नुसता बसून राहिला. मग म्हणाला, “आये, हात लाव हितं.”

मी दाराला हात लावला. दार खुळखुळत नव्हतं. आरसा स्थिर. इंजिन चालू, गिअर काढलेला, गाडी उभी आणि थरथर कुठेच नाही.

फिटर भांडायचा थांबला. आला, कान लावला, एकदा बंद करून परत चालू केली. हातपंप न दाबता लगेच चालू झाली.  मग टाकी परत बसवली, भरलेलं डिझेल तेच, टाकी तीच लख्ख. थरथर परत सुरू. पुन्हा कॅन लावला, थरथर बंद. एवढं झाल्यावर कुणालाही कळावं. इंजिन चांगलं, नोझल चांगले, कॉम्प्युटर चांगला, टाकी चांगली. राहिला तो टाकीपासून इंजिनापर्यंत चासीच्या कडेने येणारा डिझेलचा पाइप, ज्याच्याकडे एवढ्या दिवसांत कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

फिटर मोबाईलचा उजेड घेऊन गाडीखाली सरकला. मागच्या बाजूने पुढे येत होता. मध्येच त्याचे पाय हलायचे थांबले. आतून म्हणाला, “हितं पाइप वला हाय. धूळ चिकटलीय निस्ती.” मग आणखी काही वेळ खुडबुड, पक्कडीचा आवाज, आणि त्याचा हात बाहेर आला. हातात माझी चप्पल. तिला बांधलेली तार अजून लोंबत होती.

“ही कुणाची?” त्याने विचारलं.

“माझी,” मी म्हटलं. “पण बांधली ह्या भावजींनी.”

दिराने मोबाईल खिशात घातला. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. म्हणाला, “चप्पल म्या चासीला बांधली. पायपाला मी कशापायी हात लावू?”

फिटर म्हणाला, “मग तारंचं दोन येढं कशाला मारल्यात?”

“तितं एक बारका पाइप व्हता. तार सरकत व्हती. धराया काय तर पायजेल का न्हाई?”

तर असं. चप्पल खाली झुलत होती. आमच्या रस्त्यांवर गतिरोधक आणि खड्डे मिळून जे काही आहे त्यावर ती दिवसभर नाचायची आणि प्रत्येक नाचाला तार पाइपात थोडी थोडी रुतायची. शेवटी सुईएवढं भोक पडलं. शहाळ्यात घातलेल्या नळीला भोक पडलं तर तोंडात पाणी कमी आणि हवा जास्त येते, तसं इंजिनाचं झालं होतं. पाइप डिझेल ओढताना त्या भोकातून हवा घ्यायचा. पळताना डिझेल जोरात वाहतं, त्यात तेवढी हवा खपून जायची. उभ्या गाडीला डिझेल लागतं थोडंच, त्यात हवेचे बुडबुडे आले की इंजिन अडखळायचं. टाकी भरलेली असली की डिझेल वर असतं, ओढायला जोर कमी लागतो, म्हणून गाडी बरी वाटायची. आणि रात्रभर त्या भोकातून हवा शिरून पाइपातलं डिझेल टाकीत परत जायचं, म्हणून सकाळी हातपंप. मुलाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं, आणि फिटरने “ते सोड” म्हटलेलं. लॅपटॉपलाही दोष देता येत नाही. चपलेचा फॉल्ट दाखवायची सोय त्यात केलेली नसणार.

मी दिराकडे बघितलं. आता तरी हा मान खाली घालेल असं मला वाटलं, कारण माणसाकडून मी अजून काहीबाही अपेक्षा करते. तो म्हणाला, “वहिनी, उलट विचार करा. ती चप्पल व्हती म्हणून निस्त्या थरथरीवर भागलं. नसती तर घाटात काय तरी मोटं झालं असतं.”

 बरं झालं तर उपायाने, वाईट झालं तर उपाय होता म्हणून त्याहून वाईट झालं नाही. असं बोलणारा माणूस आयुष्यात कधी हरत नाही, आणि म्हणून त्याला काही कळतही नाही. फिटरही त्याच वाटेने गेला. म्हणाला की नोझल साफ केले ते काही वाया गेलं नाही, आज ना उद्या करावेच लागले असते. मी म्हटलं, व्हय, आणि टाकी काढली तीही वाया गेली नाही, भात शिजवता येईल. त्यावर मात्र तो हसला. पाइपचा तो तुकडा कापून त्याने नवीन जोड घातला, चासीला नीट पट्ट्या मारल्या आणि गाडी दिली.

शनिवारी आम्ही निघालो. टाकी मी मुद्दाम भरू दिली नव्हती. बरी झालीय की नुसती भरलीय ते मला बघायचं होतं. लोणावळ्याच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली. पुढे एक मोटार, तिच्या छतातून अर्धी बाहेर आलेली एक मुलगी ढगांचे फोटो काढत होती. आम्ही उभे. इंजिन चालू. मुलाने आरशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत आरशाकडे. बोलला काही नाही. बोललं की बिघडेल असं त्याला वाटत असणार. काकाचं थोडं रक्त त्याच्यातही आहे. रांग सरकली, थांबली, सरकली. इंजिन बंद पडलं नाही. आम्ही वेळेच्या आधी रिसॉर्टच्या मागच्या गेटवर पोचलो.

गेटवर वराळ्याचा टेम्पो आमच्या आधी येऊन उभा होता.

सजावटवाला आला. आमच्याकडे बघून त्याला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण अशी माणसं ते फार वेळ टिकू देत नाहीत. म्हणाला, भरवसा नव्हता म्हणून त्यालाही बोलावलं. मुलगा सांगायला लागला की गाडी नीट झालीय, पाइप फुटला होता, चप्पल, तार. मी त्याला कोपर मारलं. ज्याच्या अंगावर लग्नाचं काम आलंय त्याला चपलेची गोष्ट सांगून काय उपयोग. मी गाडीचा मागचा पडदा वर केला आणि म्हटलं, “आधी माल बघा.”

त्याने आमच्या बादल्या बघितल्या. जरबेरे उभे, माना सरळ, एकही वाकलेला नाही. मग तो टेम्पोकडे गेला. तिथे फुलं आडवी रचलेली, एकावर एक, पेंढ्या टाकल्यासारखी, आणि वरच्यांच्या वजनाने खालच्यांच्या माना गेलेल्या. टेम्पोवाला सांगत होता की रस्ताच तसा आहे. रस्ता दोघांनाही एकच होता.

सजावटवाला दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभा राहून कानामागे खाजवत राहिला. शेवटी म्हणाला की स्टेजची सगळी फुलं इथून पुढे आमची, आणि कमानी, वाटेच्या कडा आणि जेवणाकडची सजावट टेम्पोवाल्याची. एकाच गाडीवर अवलंबून राहायची त्याची आता तयारी नाही.

मुलाचं तोंड उतरलं. सगळं काम आपलं होतं, ते अर्धं झालं. त्याला भांडायचं होतं, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, “कंपनीच्या गेटवर उभं न्हाई ना राहावं लागत? मग उतरव. बादल्या सरळ धर.”

त्याने पहिली बादली उचलली. तोवर मांडवातला एक गडी येऊन दोन बादल्यांतली फुलं एका हातात गोळा करून निघाला होता, सरपण नेल्यासारखा. मी त्याच्या मागे धावले. या वयात मला धावायला लावणाऱ्याला जे ऐकवायचं ते मी त्याला स्टेजपर्यंत ऐकवत गेले, आणि मान मोडलेली फुलं त्याच्याच हाताने निवडून बाजूला काढून घेतली.